झुपकीच्या शेपटीचं तेल

एक होती खार. एवढीशी. तिचं नाव झुपकी. शेपटी कशी? झुबकेदार! दिवसा मिरवायची, रात्री पांघरायची.

एकदा झुपकी शिरली करवंदीच्या जाळीत. करवंदं खाल्ली मटामट. निघाली, तर शेपटी अडकली. ओढली, ओढली... सुर्रर्र! शेपटी सुटली, केस राहिले जाळीत. शेपटीची झाली दोरी!

झुपकीला रडूच आलं. "आता रात्री मी पांघरू काय?"

रानाच्या कडेला राहायची अनसामावशी. रानातला पाला खुडायची, तेल करायची. झुपकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, तेल दे. तेल माझ्या शेपटीला!"

मावशी म्हणाली, "आधी माक्याचा पाला, मग तेल. अंधार पडायच्या आत आण हं. अंधारात झाडं झोपतात. झोपल्या झाडाचं पान आपण तोडत नाही."

झुपकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. ओढ्याकाठी होता माका. इवली पांढरी फुलं, पण मान खाली.

"माकादादा, माकादादा, पाला दे. पाला मावशीला, तेल माझ्या शेपटीला!"

माका म्हणाला, "मला लागलीय तहान. आधी पाणी, मग पाला."

झुपकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"ओढोबा, ओढोबा, पाणी दे. पाणी माक्याला, पाला मावशीला, तेल माझ्या शेपटीला!"

ओढा म्हणाला, "वाटेत बसलीय म्हैस. आधी वाट, मग पाणी."

झुपकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. म्हैस बसली होती चिखलात. ढिम्म!

"म्हशीबाई, म्हशीबाई, वाट दे. वाट ओढ्याला, पाणी माक्याला, पाला मावशीला, तेल माझ्या शेपटीला!"

म्हैस म्हणाली, "पाठ खाजतेय ग माझी. साळुंकीला बोलाव. आधी चोच, मग वाट."

झुपकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"साळुंकीताई, साळुंकीताई, चोच दे. चोच म्हशीला, वाट ओढ्याला, पाणी माक्याला, पाला मावशीला, तेल माझ्या शेपटीला!"

साळुंकी रडत होती. "माझं पिल्लू पडलंय खडकाच्या फटीत. मी आत मावत नाही ग! आधी पिल्लू, मग चोच."

आता पुढे जायचं कुणाकडे? सूर्य तर टेकला झाडांवर!

झुपकीनं फटीत पाहिलं. आतून आवाज आला, चीं चीं! झुपकीनं शेपटी सोडली आत. "धर रे घट्ट!"

पिल्लानं चोचीत धरली शेपटी. आई ग! दुखलं किती! पण झुपकी हलली नाही. मग ओढलं. वर... वर... वर... आलं पिल्लू! झुबका असता तर केसच सुटले असते. दोरी नाही सुटली!

मग काय! साळुंकीनं मारली चोच, टोक टोक. म्हैस उठली, फदक! ओढा निघाला, खळखळ. माका पाणी प्यायला, घटघट. मान केली वर. "घे ग पाला!"

झुपकीनं पानं खुडली, खुट खुट. थोडी घेतली, थोडी ठेवली. मूळ तर हलवलंच नाही. मावशीकडे पोचली, तेव्हा उजेड होता एवढासा.

मावशीनं पाला वाटला. हिरवा रस झाला काळा काळा. तेलात पडला, चर्रर्र! खदखद, खदखद. गाळलं, गार केलं, शेपटीला चोळलं.

"मावशी, केस कुठेत?"

"येतील ग सावकाश. रोज चोळायचं."

मग आज रात्री? साळुंकी आली भुर्रकन. "आज आमच्याकडे नीज."

घरटं होतं मऊ मऊ. झुपकीनं हात फिरवला. अय्या! हे तर तिचेच केस! साळुंकीनं जाळीतून वेचून आणले होते. झुपकी खुदकन हसली, पिल्लाला बिलगून झोपली.

रोज चोळलं, रोज चोळलं. एक केस आला, दुसरा आला. शेपटी झाली झुबकेदार!

तेल मावशीच्या बाटलीत, झुपकी आपल्या शेपटीत, आणि तुम्ही गोधडीत!