खालच्या घाटाचं पाणी

कंपनीच्या शाश्वतता अहवालात साहेबांच्या नावानं नदीबद्दल खरं लिहावं की गोड, या काळजीनं रात्रभर डोळा लागला नव्हता. सकाळी लेकीची वेणी घालताना तिनं, शाल्मलीनं, गोष्ट मागितली. सुचली ती हीच.

पूर्वी वेत्रवतीकाठच्या एका नगरात राजा सुषेण राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या संघात निवेदक होते. दर शरदात लोक संघाकडे ठेवी ठेवायला येत. त्याआधी निवेदकानं रंगाच्या कुंडांखालच्या घाटाचं ओंजळभर पाणी सर्वांसमोर प्यायचं आणि मग वर्षाचा वृत्तान्त सांगायचा, अशी रीत होती. वृत्तान्त गोड, त्या वर्षी ठेवी जास्त, हा सगळ्यांचा अनुभव.

त्या वर्षी संघाचे श्रेष्ठी धनपाल म्हणाले, "पाणी वरच्या घाटावरून भरून आणलंय. तू फक्त नेहमीसारखं बोल."

"खालच्या गावातली मुलं खालचंच पाणी पितात, श्रेष्ठी."

"आणि ठेवी गेल्या की त्याच मुलांचे बाप घरी बसतील. ते चालेल?"

बोधिसत्त्व थकले होते. गेल्या वर्षीचं गोड भाषणही त्यांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी भरलेला घडा बाजूला ठेवून ते कुंडांखाली उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. ओठ निळे झाले.

"निवेदक, आधी तोंड पुसा!" गर्दीतून कोणी ओरडलं. लोक हसले.

"पुसून जात नाही," ते म्हणाले. "नदी अशी झाली आहे. रंग अडवायला खड्डे खणावे लागतील. काही वर्षं नफा फार होणार नाही."

बऱ्याच जणांनी ठेवी काढून घेतल्या. सूत विकणारी उत्पला मात्र पिशवी उचलता उचलता थांबली. "हे गेल्या वर्षीच सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "राहू दे माझी ठेव. पुढच्या वर्षीही असंच सांगा म्हणजे झालं."

तेवढ्यावर खड्डे खणले गेले. काही रंगारी खरंच घरी बसले. नफा हळूहळू परत आला, पण फार हळू. नदी त्याहून हळू.

तेव्हाचे श्रेष्ठी धनपाल म्हणजे आजचे आमचे साहेब. उत्पला म्हणजे दर वार्षिक सभेत उठून नको ते विचारणाऱ्या भागधारक काकू. निवेदक म्हणजे स्वतः शास्ता, भगवान बुद्ध. त्या जन्मी त्यांनी पाळली ती सत्यपारमिता, खरेपणाची परिपूर्णता.

शाल्मलीनं मान वळवली. वेणी हातातून सुटली.

"आणि वरच्या घाटावरून घडा भरून कोणी आणला होता गं, आई?"