ऊब पोचेल एवढं घर

पाखरं अजून घर बांधायला शिकत होती, त्या काळची गोष्ट. उंबरावर एक शिंपी पक्षी आणि त्याची शिंपीण राहायची. शिंपीण अंड्यावर आली, तसा शिंपी हरखून गेला. चोचीत कापसाचा धागा धरून त्याने एक पान दुमडून शिवलं, त्याला दुसरं जोडलं, मग तिसरं. "पाहुणे येतील, पिल्लं नाचतील!" म्हणत त्याने चांगलं ऐसपैस घर केलं.

शिंपिणीने आत अंडी घातली. ती दिवसभर त्यांच्यावर बसून राहिली, तरी अंडी गारच. घरभर वारा खेळत होता.

"अहो, माझी ऊब पोचेल एवढंच घर हवं हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

शिंपी हिरमुसला. पण अंड्यांचं पान तेवढं ठेवून त्याने बाकीचे टाके उसवले आणि निघालेला कापूस अंड्यांखाली सारला. हळूहळू अंडी कोमट झाली.

शिंपी मात्र बाहेर फांदीवर अवघडून बसला. "अगं, आता मी कुठे राहू?"

"दारात बसा ना. वारा तिकडूनच येतो."

शिंपी पिसं फुलवून दारात बसला, आणि घर पुरं झालं.