वुल्फ्रूनची माती

इंग्लंडच्या पूर्वेला ब्रेडनम नावाचं लहानसं गाव आहे. गावाबाहेर गव्हाच्या शेतात एक बुटका उंचवटा दिसतो. नांगर त्याला वळसा घालून जातो. पाहुणे विचारतात, तेव्हा चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या वृद्ध विनिफ्रेडबाई तिथेच गवतात बसून सांगू लागतात.

फार पूर्वी, सॅक्सन राजांच्या काळात, वुल्फ्रून नावाची मुलगी दूरच्या दलदलीच्या मुलखातून इथे सून म्हणून आली. बापाने गवती टोपलीतलं मधमाश्यांचं पोळं दिलं होतं. आईने उंबऱ्याजवळची मूठभर माती पुरचुंडीत बांधली होती. पुढच्याच वर्षी समुद्रावरून आलेल्या लुटारूंनी तिचं माहेर जाळलं. कुणी उरलं नाही, म्हणे. तेव्हापासून ती पुरचुंडी तिने कमरेपासून वेगळी केली नाही.

सासू बुर्गा करड्या स्वभावाची. "मेलेल्या गावाची माती कशाला बाळगतेस? घराला बाधेल," म्हणायची.

एका उन्हाळ्यात वुल्फ्रूनचा नवरा ऑस्रिक गवत कापता कापता बरगडी धरून कोसळला. टेकड्यांच्या पोटात राहणारी अदृश्य माणसं बाण मारतात, असा तेव्हाच्या लोकांचा समज. तो बाण दिसत नाही, नुसता ठणकतो. वैदूने मधाचा लेप सांगितला, आणि नेमक्या त्याच दुपारी पोळ्यातल्या माश्या उठल्या. टोपली सोडून त्यांचा काळा ढग रानाकडे निघाला. आजाऱ्याच्या घरातून माश्या गेल्या की माणूसही जातो, असं मानत.

त्यांना थांबवायची रीत होती. उजव्या पायाखालची माती उजव्या हाताने त्यांच्यावर उधळायची आणि आर्जव करायचं. बुर्गाने उधळली. माश्या थांबेनात.

"तुझ्या माहेरच्या आहेत त्या," ती सुनेला म्हणाली. "तुझंच ऐकतील."

वुल्फ्रूनने पुरचुंडी सोडली. ती माती पायाखाली घेतली, मग उचलून उधळली.

"थांबा गं सयांनो! तिकडे आता आपलं कुणी राहिलं नाही."

माश्या घोंगावत फिरल्या आणि या उंचवट्यावर उतरल्या. ऑस्रिक वाचला. पण वुल्फ्रून गुडघे टेकून माती वेचत राहिली. माहेरची कुठली नि सासरची कुठली, ओळखू येईना. बुर्गा तिच्याशेजारी येऊन बसली. तीही वेचू लागली, आणि वेचता वेचता म्हणाली, "तुझं गाव कसं होतं गं? मी कधी विचारलंच नाही."

मग वुल्फ्रून बोलत राहिली. लव्हाळ्यांतला वारा, धुरावर टांगलेले मासे, होडी परत आली की आई मारायची ती हाक. असं सांगतात, की बुर्गा अंधार पडेपर्यंत ऐकत होती.

आजही ब्रेडनममध्ये नवी सून आली की सासू तिला आधी इथे आणून बसवते आणि तिच्या माहेरचं सगळं ऐकून घेते. घर त्यानंतर दाखवायचं.

"मी वेल्सची," विनिफ्रेडबाई गवत झटकत उठतात. "जानेवारीत आले. सासूबाई थंडीने काकडत होत्या, पण माझं बोलणं संपेपर्यंत उठल्या नाहीत."