डावा पाय

"मग आता राहिलंय तरी काय, बाई?"

केतकीनं हळू आवाजात विचारलं, पण मान ताठ ठेवून.

चौदा वर्षं ती या व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब करत होती. राज्य स्पर्धेत तीनदा पहिली आली होती. पलूसला एका शाळेनं तिला हॉल दिला होता, चाळीस मुलींची नावं आली होती. दसऱ्याला तिचा स्वतःचा वर्ग सुरू व्हायचा होता.

फक्त दोर हवा होता.

इथली रीतच तशी. नवा वर्ग काढणारीनं पहिला दोर इथं शिकवणाऱ्या इंदिराबाईंच्या हातून न्यायचा. बाजारात दोर हवे तेवढे मिळतात, पण बाजारातला दोर टांगून आजवर कुणी वर्ग काढला नव्हता.

कोरा सुती दोर वेटोळं होऊन बाईंच्या खुर्चीपाशी पडला होता. बाई अडुसष्ट वर्षांच्या. कोपरावर खपली, एका गुडघ्याला पट्टी. पडलात का, असं केतकीनं आल्या आल्या विचारलं होतं. बाई नुसतं "हं" म्हणाल्या होत्या. मुलींनी आपसात ठरवून टाकलं होतं की बाई न्हाणीत घसरल्या, आता वय झालं.

"चढून दाखव," बाई म्हणाल्या.

केतकी चढली. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट, त्या बेचक्यात दोर धरला आणि तीन झेपांत वर गेली. तुळईखाली पोचल्यावर दोर मांडीला वेढला, दोन्ही हात सोडले आणि हात जोडून स्थिर राहिली. खाली जोर मारणाऱ्या मुली जोर विसरल्या.

ती उतरली तेव्हा तिचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

"दोर लागतो का पायाला?"

केतकी हसली. तिनं उजवा पाय पुढे केला. बेचक्यात घट्टा होता, चिंचोक्यासारखा टणक.

"कळतसुद्धा नाही, बाई."

"कळत नाही..."

"गेली बारा वर्षं नाही."

बाईंनी एकदम मुलाणी मॅडमचं नाव काढलं.

मुलाणी मॅडम पोस्टात होत्या. वय बेचाळीस. दोर चढून दाखवीन, अशी लेकीशी पैज लावून त्या श्रावणात इथं आल्या होत्या. बाईंनी त्यांना केतकीच्या हाती दिलं होतं. बोटांत दोर धरून अंगाचा भार टाकला, की मॅडम कळवळून सोडून द्यायच्या. तरी चार दिवस आल्या. चौथ्या दिवशी केतकी त्यांना काहीतरी म्हणाली. पाचव्या दिवशी मॅडम आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत.

"काय म्हणाली होतीस त्यांना?"

"एवढं काही दुखत नसतं, म्हटलं."

"खोटं बोललीस?"

"नाही, बाई. खरंच नाही दुखत."

बाईंनी पट्टीचा गुडघा जरा लांब केला.

"आता डाव्या पायानं चढ."

मुलींत खसखस पिकली. केतकी उजव्या पायाची, हे सगळ्या व्यायामशाळेला ठाऊक होतं. डाव्या पायात दोर तिनं कधी धरलाच नव्हता, तशी वेळच आली नव्हती.

ती उठली. डाव्या बेचक्यात दोर घेतला, भार टाकला आणि हातभर वर जाऊन परत गादीवर आली. चेहरा मात्र हलू दिला नाही.

"दुखलं?"

"नाही."

"मग उतरलीस कशाला?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. केतकीनं वळून पाहिलं नाही. तिनं पुन्हा दोर धरला.

दोन हात वर गेली आणि तिचे डोळे भरले. थांबली. तिथून सहज उडी टाकता आली असती... हातांच्या जोरावर जाता आलं असतं, उजवा पाय लावता आला असता. तिनं डावाच पाय ओढून वर घेतला, पुन्हा भार टाकला. एक हुंदका निघाला तो सगळ्यांनी ऐकला. आता कुणी हसत नव्हतं. ज्या उंचीला तिला तीन झेपा लागायच्या, तिथं ती रडत रडत, इंच इंच करत गेली.

तुळईला हात लावला. मगच उतरली.

डावा पाय तिला टेकवेना. बेचकं लालभडक झालं होतं, एका जागी सोललं होतं.

बाई खुर्चीतून उतरून गादीवर बसल्या आणि त्यांनी तो पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. केतकी दचकून पाय ओढू लागली. बाईंच्या मांडीवर पाय, कसं दिसतं ते.

"राहू दे."

बाईंनी बोटावर खोबरेल घेतलं.

"दुखलं?"

"फार. पहिला आठवडाभर आई मला पाठुंगळीला घेऊन घरी न्यायची, बाई. मी विसरूनच गेले होते."

बाई तेल लावत राहिल्या.

"तुळईला हात लावणाऱ्या पुष्कळ पाहिल्या मी," त्या म्हणाल्या. "रडत जाऊन लावणारी तू पहिली."

त्यांनी कोरा दोर उचलला आणि केतकीच्या खांद्यावर टाकला.

"आधी पोस्टात जा. मग पलूसला."

केतकी उभी राहिली. दोर जड होता. लंगडत ती दारापर्यंत गेली, मान पहिल्यासारखीच ताठ, आणि तिथून परत फिरली.

"बाई, रोज डाव्यानं चढेन मी. पण वर्षभरात तोही पक्का होणार. त्यालाही दोर कळायचा बंद होणार. मग...?"

बाईंनी कोपरावरच्या खपलीवरून एक बोट फिरवलं.

"मी सध्या सायकल शिकतेय," त्या म्हणाल्या.