समुद्राकडची भिंत

पोर्तुगालच्या किनाऱ्याने किल्ले, दीपगृहं आणि जुनी गावं बघत निघालेल्या कॅम्परव्हॅन पोर्तु मान्सुला हमखास थांबतात. गाव लहानसंच, पण त्याच्या टोकाला समुद्रात घुसलेलं एक टेकाड आहे आणि त्यावर एकुलतं एक घर. घराच्या तीन भिंती पांढऱ्या, समुद्राकडची तेवढी हळदीसारखी पिवळी. प्रवासी गाडी घराशेजारी लावतात, खुर्च्या मांडतात न मांडतात तोच म्हातारा बेल्मिरु पिवळी ताडपत्री घेऊन हजर होतो. गाडी पांढरी असेल तर समुद्राकडच्या बाजूला ही बांधा, नाहीतर खाली गावात लावा, समुद्रातल्या नावांना इथे पांढरं दिसता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं. बोलतो गोड, पण ऐकून कुणाचं घेत नाही.

साताऱ्याचे उमाकांत आणि नलिनी फरांदे तिथे उतरले तेव्हा उमाकांतरावांनी कुरकुर केलीच. हल्ली नावांवर रस्ता दाखवणारी यंत्रं असतात, ताडपत्रीचं खूळ कशाला? बेल्मिरुने दोरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः बांधायला घेतलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागला.

फार मागची गोष्ट. या घरात म्हणे इदालिना नावाची सून आली. ती डोंगरातली, मेंढपाळांची लेक. लग्नाआधी तिने समुद्र पाहिलाही नव्हता. नवरा झेफेरिनु मासेमारीला निघाला की ती या भिंतीपाशी उभी राहून हात हलवायची, आणि नाव ठिपक्याएवढी झाली की आत जायची. तिचा नवऱ्यावर फार जीव होता. घरात सासू पेर्पेतुआ. दोघींचं बरं चाले. भांड्याला भांडं लागायचं, पण तेवढंच.

त्या वर्षी झेफेरिनु आणखी तिघांना घेऊन दक्षिणेला लांब गेला. पाच आठवडे झाले. मग दुसऱ्या एका नावेबरोबर निरोप आला, की दोन दिवसांत पोचतो. सासू लेकीच्या बाळंतपणाला शेजारच्या गावी गेलेली. घरात एकटी इदालिना, आणि आनंद पोटात मावेना. तिच्या माहेरी रीत अशी, की लांब गेलेलं माणूस परतणार असेल तर घराचा दर्शनी भाग चुन्याने पांढराशुभ्र करायचा. झेफेरिनु येणार समुद्राकडून. तेव्हा तिने समुद्राकडचीच भिंत धरली. तीन भिंती पांढऱ्या आणि हीच तेवढी मळक्या पिवळ्या रंगाची, हे तिला आल्यापासून खटकतही होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंत दुधासारखी झाली. गावातून ही बाजू दिसत नाही, म्हणून तिला कुणी हटकलं नाही.

आता ऐका. समुद्रातून येताना या टेकाडाच्या उजव्या अंगाला, पाण्याखाली, खडकांची रांग आहे. पुढच्या खाडीच्या टेकाडावर पांढरं चर्च आहे, आणि तिथे मात्र उजवीकडे खोल पाणी. धुक्यात किनारा दिसत नाही, टेकाडांचे माथे तेवढे दिसतात. म्हणून पिवळं दिसलं तर डावीकडे वळायचं, पांढरं दिसलं तर उजवीकडे. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून इदालिनाला कुणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्यानेही नाही.

त्या दुपारी धुकं उतरलं, आणि त्यातून नाव आली. इदालिनाने शीड ओळखलं. नाव उजवीकडे वळताना दिसली तेव्हा ती ब्रश उंच धरून हात हलवत होती, असं सांगतात. तिला वाटलं, त्याला भिंत आवडली. पेर्पेतुआ त्याच वेळी कड्याच्या वाटेने घरी परतत होती. भिंत बघताच ती धावली, अंगावरची पिवळी शाल काढून भिंतीवर धरली. शाल ती केवढी, आणि भिंत केवढी. खडकावर लाकूड फुटल्याचा आवाज दोघींनी ऐकला. चौघांतला एकही वाचला नाही.

गावाने इदालिनाशी बोलणं टाकलं. बाकीच्या तिघी विधवा तिची सावलीही अंगावर पडू देईनात. तिने स्वतः भिंत खरवडली, चुन्यात पिवळी माती कालवून पुन्हा रंगवली, आणि नवव्या दिवशी गाठोडं बांधलं. माहेरी जायला तोंड नव्हतं, पण इथे राहायलाही नव्हतं. तेव्हा पेर्पेतुआने तिचा हात धरून तिला गावातल्या चर्चच्या दारात नेलं आणि त्या तिघींसमोर सांगितलं, "हिला ठाऊक नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नाही. काय बोलायचं ते मला बोला."

मग तिने सुनेला होडीत बसवलं आणि स्वतः वल्ही मारत समुद्रात नेलं. धक्का दिसेनासा झाला, घरांची कौलं दिसेनाशी झाली. भिंत मात्र दिसत होती. अजून पुढे गेल्या, तरी दिसत होती. इदालिना बराच वेळ बघत राहिली.

"इथपर्यंत दिसतं?" ती म्हणाली. "नाव ठिपक्याएवढी झाली की मी आत जायचे, आई. मला वाटायचं, मला तो दिसत नाही म्हणजे त्यालाही इथलं काही दिसत नसेल."

मुलगा गेल्यापासून न रडलेली पेर्पेतुआ तेव्हा रडली. इदालिना मात्र माहेरी गेली नाही, दोघी याच घरात म्हाताऱ्या झाल्या, असं सांगतात.

आजही पोर्तु मान्सुत नवी सून आली की उंबरा ओलांडण्याआधी सासू तिला होडीतून लांब नेते आणि घर दाखवते. गावात नव्याने आलेल्या कुणालाही ही गोष्ट सांगितल्यावाचून सोडत नाहीत. मग तो एका रात्रीचा पाहुणा का असेना. आणि आजही नावा सुटल्या की बायका या भिंतीपुढे येऊन हात हलवतात. नाव ठिपका होते, मग ठिपकाही जातो. त्यानंतरही त्या बराच वेळ तिथेच उभ्या असतात, कारण तिकडून कुणीतरी अजून बघत असतं.