बहीण नसलेला मामा

एका राज्यात राजाहून धर्मगुरू थोर होता. रयत त्याला परमपिता म्हणे. लग्न त्याला वर्ज्य होतं. तो ज्याच्या मस्तकी लाल टोपी ठेवी, तो कार्डिनल होई, आणि कार्डिनलच पुढचा धर्मगुरू निवडत. परमपिता सिल्व्हानोनं सहा टोप्या सहा पुतण्यांना दिल्या, सातवी ओताव्हियो नावाच्या भाच्याला. पुतण्यांचं ठीक, भाऊ होते. पण बहीण एकही नव्हती! लोक कुजबुजत, "मामानं राज्याला मामा बनवलं."

दर टोपीसरशी राज्यातली एक विहीर मिटली. सातव्या टोपीला शेवटच्या विहिरीवर तीन दगडी झाकणं आपोआप बसली. माणसं तहानेनं मरू लागली. ओताव्हियोनं एका दिवसात रयतेची नऊ लेकरं पुरली आणि तो तडक विहिरीवर गेला. काठावर साळुंकी बसली होती.

साळुंकी म्हणाली, "पहिलं झाकण रक्तानं उघडेल, दुसरं टोपीनं, तिसरं खऱ्या नात्यानं. मात्र नातं उच्चारलंस की टोपी देणारा मरेल."

ओताव्हियोनं तळहात चिरला. पहिलं झाकण सरकलं. टोपी फेकली, दुसरं सरकलं. तिसऱ्यापाशी तो अडला. ज्यानं त्याला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवून घेतली, त्याला मारायचं कसं?

तोवर म्हातारा सिल्व्हानो पालखीतून उतरला. त्यानं सारं ऐकलं होतं.

"ओताव्हियो, घरी चल. तुला माझ्या गादीवर बसवीन."

"कोणावर राज्य करू, मामा? मढ्यांवर?"

वेशीतून आणखी एक तिरडी येत होती, हातभर लांबीची. म्हाताऱ्यानं ती पाहिली आणि तो काठावर बसला.

"साऱ्या राज्यानं मला पिता म्हटलं," तो म्हणाला. "तू तेवढा मामा म्हणालास. म्हण आता."

ओताव्हियोला हुंदका आवरेना. तो म्हणाला, "बाबा."

झाकण दुभंगलं. सातही विहिरी एकदम भरल्या.

"पुन्हा एकदा," सिल्व्हानो पुटपुटला. ओताव्हियोनं पुन्हा हाक मारली, पण तोवर म्हातारा गेला होता.

पुतण्यांनी टोप्या उतरवल्या. नवा धर्मगुरू परक्या घरातून आला. तेव्हापासून टोपी मागणाऱ्याला आधी विहिरीत वाकून बापाचं नाव मोठ्यानं घ्यावं लागतं. रयत पाणी पिते. ओताव्हियो मात्र पोहरा ओढताना रोज एकदा बाबा म्हणतो, आणि आतून त्याचाच आवाज परत येतो.