सात खाटा आणि बांगड्याचा वास

खाडीकाठच्या एका गावात रघोजी नावाचा एक शल्यवैद्य होता. त्याच्या हाताला गुण होता. गळू फोडावं तर त्यानं, मोडलेलं हाड बसवावं तर त्यानं. गावच्या देसायानं त्याला सात खाटांचं रुग्णघर बांधून दिलं आणि मेहनताना ठरवला: रोगी खाटेवर जितके दिवस, तितक्या पायल्या भात.

झालं! तीन दिवसांत घरी जाणारा रोगी आता महिना झाला तरी उठेना. रघोजी म्हणे, "पडून राहा, घाई काय?" रोगीही पडून राहत. फुकटची पेज कोणाला कडू लागते?

ती पेज रांधायची भागाबाई. वैद्याची पाठ वळली की कोण सोंगट्या मांडतो, हे तिला पक्कं ठाऊक. पण बोलत नसे.

एके सकाळी माडावरून पडलेल्या धाकूला चौघांनी झोळीत घालून आणलं. पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. त्याच्या बायकोनं हात जोडले. "वैद्यबाबा, पाय वाचवा. आमच्या घरात माडावर चढणारं दुसरं कोणी नाही."

रघोजीनं आत बघितलं आणि मान खाली घातली. "खाट रिकामी नाही गं. खाडीपलीकडे न्या."

"होडी पोचेपर्यंत पाय राहील का?" धाकूच्या बायकोनं विचारलं.

भागाबाईनं हातातली पळी ठेवली. निखारे पुढे ओढले आणि त्यावर सुके बांगडे टाकले. वास घरभर सुटला. मग ती खणखणीत आवाजात म्हणाली, "ज्याला उठवत नाही त्याला पेज. चुलीपर्यंत चालत येईल त्याला बांगडा-भाकरी!"

तिघांनी पेजच मागितली. चौघे मात्र चालत आले. मानेच्या गळवासाठी महिनाभर पडलेला विठू तेली तर सगळ्यांच्या पुढे. "बाई, शेपटीकडचा मला नको हं!"

"बस बाबा, पोटभर जेव आणि घरी जा. बायको एकटी घाणा हाकून दमली तुझी."

रघोजीचा चेहरा उतरला. रिकाम्या खाटेवर धाकूला निजवून त्यानं हाड बसवलं, जखम शिवली. मग भागाबाईला घेऊन तो आपणहून देसायाकडे गेला.

"धनी, माझं माप बदला. या मापानं माझी बुद्धी फिरली."

"मग कसं मोजू?"

भागाबाई बोलली, "जो आपल्या पायांनी उंबरठा ओलांडून घरी जाईल, त्याचं एकदाच माप द्या. तेच दुखणं घेऊन परत आला, तर वैद्यानं फुकट बरं करावं. म्हणजे कोणी लोळणार नाही, आणि अर्धाकच्चा कोणी हाकलला जाणार नाही."

देसायानं मान डोलावली.

पुढच्या वर्षी धाकू पुन्हा माडावर चढला. खाली रघोजी उभा, वर बघत ओरडत होता, "जपून रे! तो पाय पुन्हा दुखला तर मला फुकट बघावा लागेल!"

तात्पर्य: ज्या मापानं मोबदला मिळतो, त्या मापाकडे माणूस झुकतो, म्हणून मोल द्यावं ते बरं केल्याचं, निजवून ठेवल्याचं नव्हे.